बैठकीला बैठकीचाच उतारा

मद्यपानाला मराठी बोलीत जी नाना नावे आहेत, त्यांपैकी 'बसणे' हे साधे क्रियापद मला सर्वांत बोलके वाटते. 'आज बसायचे का?' एवढे एका मित्राने दुसऱ्याला विचारले, की कोठे, कशासाठी आणि कितीपर्यंत याची फोड करावी लागत नाही. आणि घरात कपाटाआड उभ्या उभ्या घोट घेणाऱ्याविषयी मात्र 'तो बसतो' असे कोणी म्हणत नाही, 'तो पितो' असेच म्हणतात, कारण बसण्याला समोर दुसरा माणूस लागतो. मद्याचे व्यसन संगतीतून जडते ही गोष्ट आपल्या भाषेला अशी फार पूर्वी उमगलेली होती. ते सुटतेही संगतीतूनच, हे कळायला मात्र आपल्या धर्मसंस्थेला, सरकारला आणि वैद्यकाला बराच काळ आणि बरीच संकटे खर्ची घालावी लागली. त्या कळण्याचा इतिहास मुंबई इलाख्याच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या भूमीवर पाहिला, तर साथ, संप, मंदी अशा प्रत्येक कठीण काळाने त्यात एकेक पान घातलेले आढळते.

प्राचीनांचे ऋण आधी फेडू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील 24वा अध्याय सबंध मदात्ययाला, म्हणजे अतिमद्यपानाने होणाऱ्या व्याधीला, वाहिलेला आहे. आणि आजच्या वाचकाला थबकवतील अशा दोन गोष्टी त्यात सापडतात. एक अशी, की ज्याचे मद्य काही काळ सुटलेले आहे त्याने एकाएकी पुन्हा भरमसाट प्राशन केले, तर होणाऱ्या अवस्थांना 'ध्वंसक' आणि 'विक्षय' अशी स्वतंत्र नावे देऊन त्या कष्टसाध्य ठरवल्या आहेत. म्हणजे सुटलेले व्यसन पुन्हा घाला घालते, हे त्या वैद्यांनी नुसते पाहिले नव्हते, त्याचे वर्गीकरणही केले होते. दुसरी अशी, की मनाला क्षोभ झाल्यावाचून हा विकार होत नाही, तेव्हा मन प्रसन्न करणारी 'हर्षणी क्रिया' करावी असे सांगताना ग्रंथकार रम्य वने, कमळांची तळी, गीत आणि सुगंध यांच्याच पंक्तीला आनंद देणारे सोबती बसवतो. अपथ्याची सवय एकदम न तोडता पादांशाने, चौथाई चौथाईने सोडावी, हा नियम सूत्रस्थानात आहेच. मात्र हे सारे ज्याच्या पदरी वैद्य आणि बाग दोन्ही आहेत अशा संपन्न रुग्णासाठी होते. मोहाच्या भट्टीशेजारी राहणाऱ्या माणसापर्यंत ते पोचण्याचा संभव नव्हता.

त्या माणसापर्यंत पोचली ती माळ. वारकरी पंथाची दीक्षा घेणारा तुळशीची माळ गळ्यात घालतो तेव्हा मांस आणि मद्य वर्ज्य करतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु तिचा लौकिक उपयोग कसा होतो, हे खेड्यात राहिलेल्यालाच दिसते. माळ उघडी असते. गावातल्या कोणालाही ती दिसते, आणि म्हणून पूर्वीचा सोबती 'चल, बसू' म्हणायला कचरतो. एकादशीचा उपवास, सप्ताह, दिंडी आणि पंढरीची वारी यांमुळे संध्याकाळच्या ज्या घटका पूर्वी गुत्त्यावर जात, त्या भजनात जातात. आणि माळकऱ्यांच्या पंगतीत एक नवी ओळख, नवे नाते, प्रसंगी नवे उपनावही मिळते. निश्चयाला साक्षीदार, रिकाम्या वेळेला काम आणि जुन्या मंडळीच्या जागी नवी मंडळी, हा पुढील काळातील समूहोपचाराचा सारा आराखडा एका वीत-दीडवीत दोऱ्यात ओवलेला होता. गाडगेबाबांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगाव कीर्तने केली, तेव्हा त्यांनीही याच दोऱ्याचे टोक धरले: व्यासपीठावरून उपदेश न झाडता ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत, श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेत, आणि चारचौघांसमक्ष दिलेले उत्तर माणसाला सहसा गिळता येत नाही.

सरकारचा मार्ग निराळा होता. आबकारी हा शब्द फारसीतून आला आणि महसुलाच्या दप्तरात कायमचा वस्तीला राहिला. 1878च्या मुंबई आबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून मद्य गाळण्याचे काम सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या कारखान्यांकडे आणि विक्री मक्तेदारांकडे गेली. ताडी-माडीच्या झाडांवरचा कर वाढला, तेव्हा भंडारी समाजात मोठा असंतोष माजला. आणि 1892 साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा करून, रानात सडा पडणारी ती फुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध आणले गेले. या व्यवस्थेत एक विलक्षण पेच होता. मद्यपान कमी व्हावे ही इच्छा सरकार वरचेवर प्रकट करी, आणि आबकारीचे उत्पन्न वाढले म्हणून समाधानही त्याच अहवालात नोंदवी. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, 1880 साली, शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध त्यांनी पालिकेला पत्र लिहिले, ते याच पेचावर बोट ठेवणारे होते. 1908च्या वसंतात पुण्यात दुकानांपुढे स्वयंसेवकांची निरोधने झाली आणि टिळकांनी त्या चळवळीला आपले बळ दिले. या साऱ्यात दुकान हा शत्रू होता. ज्याला दुकान बंद झाल्यावर रात्री कापरे भरते, त्या माणसाचा विचार अद्याप कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर आलेला नव्हता. असा माणूस फार तर वेड्यांच्या इस्पितळात पोचे.

मध्येच एक आश्चर्य घडले, आणि ते कोणत्याही शिकलेल्या पुढाऱ्याने घडवले नव्हते. 1922 साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांत, रोगाच्या साथीच्या भयातून, देवीच्या आराधनेची एक लाट उसळली. ती डोंगर चढून आदिवासी पाड्यांत शिरली आणि त्या वर्षाच्या अखेरीस दक्षिण गुजरातेत जाऊन पोचली. मांडव घालावा, शेकडो माणसांनी भोवती बसावे, कोणाच्या तरी अंगात यावे आणि त्याच्या तोंडून देवीची आज्ञा निघावी: दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. ज्या मक्तेदाराच्या वहीत दारूपायी जमीन गहाण पडली होती, त्याच्या उंबऱ्याकडे गावेच्या गावे पाठ फिरवू लागली. या चळवळीतील अनेक शपथा पुढे ढिल्या पडल्या हे खरे. परंतु साथीच्या ऐन धास्तीत, म्हणजे एरवी माणूस बाटलीकडे वळतो अशाच घटकेला, हजारो माणसे एकत्र बसून मद्यापासून दूर झाली, ही गोष्ट इतिहासात पक्की नोंदली गेली आहे.

आता मुंबईच्या गिरणगावात येऊ. लालबाग, परळ, भायखळा, वरळी, डिलाईल रोड या पट्ट्यात कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणीकामगार बायकामुलांना गावी ठेवून चाळीच्या एका खोलीत पाळीप्रमाणे झोपणाऱ्या दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर राही, खाणावळीत जेवी, साच्यांच्या कर्कश घरघरीत आठ-आठ तास उभा राही, आणि सुटल्यावर कानातील घरघर थांबेपर्यंत त्याला कोठे तरी बसावेसे वाटे. बसण्याच्या जागा दोन प्रकारच्या होत्या. एकीकडे गुत्ता, आणि दुसरीकडे भजनी मंडळ, तालीम, गावमंडळाची खोली, नाटकाची तालीम चाललेला चाळीचा जिना. पगाराच्या दिवशी या दोहोंत कामगाराची ओढाताण होई, आणि गिरणीच्या फाटकाशी उधारी वसूल करायला उभा असलेला सावकार तिसऱ्या दिशेने ओढी. ज्याचे ढोलकीवर वा टाळावर बोट बसले तो बहुधा वाचला, असे त्या भागातील जुनी माणसे सांगत. मंडळात त्याची रोज वाट पाहिली जाई, आणि ज्याची कोणी वाट पाहते त्याला वाट चुकणे अवघड जाते.

1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी जारी झाली. आरोग्य आणि आबकारी ही दोन्ही खाती इलाख्याच्या त्या वेळच्या मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर यांच्याकडे होती, आणि ते स्वतः निष्णात हृदयरोगतज्ज्ञ होते. मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर तो प्रयोग ढासळला. स्वातंत्र्यानंतर 1949चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 1950 साली राज्यभर पूर्ण बंदी झाली. गरिबाच्या पगाराची पुडी घरापर्यंत पोचावी हा तिचा हेतू निःसंशय चांगला होता. पण माणसाने मद्य सोडल्यावर काय करावे, कोणाकडे जावे, याची तरतूद कायद्याच्या कलमांत बसणारी नव्हती. गुत्ता उठला आणि त्याच्या जागी हातभट्टी आली: काळा गूळ, नवसागर आणि सडकी फळे यांचे रसायन खाडीकाठच्या दलदलीत पुरलेल्या पिंपांत आंबू लागले, मोटारीच्या ट्यूबांत भरून शहरात येऊ लागले, आणि खोपटात चटई टाकून बसण्याची सोय करणारी 'आंटी' ही मुंबईची एक संस्था होऊन बसली. दुसऱ्या अंगाला, ज्याची ऐपत होती त्याच्यासाठी परवाना होता. वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत ही बंदी शिथिल झाली, तरी परवान्याचा कागद टिकला, आणि त्यावरून 'परमिट रूम' हे नाव आजतागायत गावोगावच्या पाट्यांवर झळकते. गंमत अशी की हा परवाना धारकाला प्रकृतिस्वास्थ्य टिकवण्याकरिता दिला जातो, अशी त्याची भाषा आहे. चरकाच्या 'मद्यानेच मद्यविकाराची चिकित्सा' या मताचा इतका व्यापक अंमल खुद्द चरकाच्या काळातही झाला नसेल.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे घडलेल्या एका घटनेचा धागा आपल्याकडे येऊन पोचला. 1929च्या वॉल स्ट्रीटच्या कोसळीत आणि त्यानंतरच्या महामंदीत बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल मद्याने पार खचला होता; डिसेंबर 1934 मध्ये त्याने मद्य सोडले, आणि पुढील मे महिन्यात एका व्यवहारासाठी तो ओहायोतील एक्रन गावी गेला असता तो व्यवहार फसला. परक्या गावी, खिशात जेमतेम पैसे, आणि उतरलेल्या हॉटेलात एका बाजूला गजबजलेला मद्याचा कक्ष. त्या दिवाणखान्यात येरझारा घालताना त्याला जे सुचले ते वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते: आज आपण वाचायचे असेल, तर आपल्यासारखाच दुसरा एखादा मद्यपी गाठून त्याच्याशी बोलले पाहिजे. त्याने गावातील चर्चना दूरध्वनी करायला आरंभ केला, आणि त्या साखळीतून तो बॉब स्मिथ या शल्यवैद्यापर्यंत पोचला. तासांमागून तास बोलणे झाले. 10 जून 1935 रोजी डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला. तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा जन्मदिवस मानतात. एक मद्यपी दुसऱ्याला वाचवायला गेला आणि त्यामुळे स्वतः वाचला, हे या संस्थेचे बीज होय. आणि ते मंदीच्या काळात, फसलेल्या व्यवहाराच्या संध्याकाळी रुजले, हेही विसरता कामा नये.

1950च्या दशकाच्या उत्तरार्धात ही चळवळ मुंबईत पोचली आणि हळूहळू मराठीतही बोलू लागली. तिची सभा ज्याने एकदा पाहिली आहे त्याला तिचे साधेपण विसरता येत नाही. शाळेचा एखादा वर्ग किंवा चर्चमागची खोली; वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या; कोपऱ्यात चहाची किटली. एक गृहस्थ उठतो, आडनाव गाळून नुसते नाव सांगतो आणि म्हणतो, 'मी मद्यपी आहे.' सारे एका सुरात त्याला नमस्कार करतात. मग तो बोलतो: नोकरी कशी गेली, मुलीच्या लग्नाचे पैसे कसे गेले, परवा साहेब रागावले तेव्हा पाय कोणत्या गल्लीकडे वळले आणि तेथून कसे परतले. त्याला मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. त्याचे झाले की दुसरा उठतो. आयुष्यभराची शपथ येथे कोणी मागत नाही, 'फक्त आजचा दिवस' एवढाच करार असतो. आणि पाय घसरलाच तर त्याला पाप न म्हणता 'स्लिप' म्हणतात, घसरलेला माणूस उठून पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसतो. वर्षभर मद्याविना राहिलेल्याचा वाढदिवस साजरा होतो, तेव्हा पन्नाशीतला गृहस्थ एका वर्षाचा झाला म्हणून टाळ्या वाजतात, आणि त्या टाळ्यांत थट्टेचा लवलेश नसतो.

वैद्यकही या काळात स्वस्थ नव्हते. 1948 साली कोपनहेगनच्या संशोधकांनी डायसल्फिराम या औषधाचा गुण जगापुढे मांडला: हे औषध पोटात असताना मद्य घेतले, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकारी येते. आपल्याकडे या गोळीचा एक करुण अवतार झाला. नवऱ्याच्या भाजीत ती चूर्ण करून गुपचूप घालणाऱ्या गृहिणी गावोगाव निघाल्या, आणि न सांगता घातलेल्या त्या चूर्णावर त्याने नेहमीप्रमाणे बाटली चढवली म्हणजे प्राणांवर बेतू शके. रुग्णाच्या जाणतेपणाने, वैद्याच्या देखरेखीखाली घेतली तरच ती गोळी कामाची. ज्याचे शरीर मद्याला पुरते सरावले आहे त्याचे मद्य एकाएकी तोडले, तर कंप, घाम, झटके आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम असा क्रम लागू शकतो; त्यासाठी शामक औषधे हळूहळू उतरत्या मात्रेने आणि 'ब-1' जीवनसत्त्व भरपूर द्यावे लागते. उतरती मात्रा म्हणजे चरकाचा पादांशिक क्रमच. दोन सहस्रकांनी तो इस्पितळाच्या तक्त्यावर पुन्हा उतरला. पण हा उपचार फार तर पंधरवड्याचा. त्यानंतरच्या संध्याकाळींचे काय, याला औषधाच्या दुकानात उत्तर नव्हते.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. आणि तो संप मिटल्याची घोषणा रीतसर कधी झालीच नाही, एवढ्यावरून त्याची शोकांतिका ओळखावी. भोंगा थांबला तसा दिवसाचा आकार गेला. पाळी नाही, पगार नाही. कित्येकजण गावी परतले, कित्येकांनी भाजीची पाटी घेतली, आणि ज्यांना कामाखेरीज दुसरी ओळख नव्हती त्यांपैकी अनेकांनी गुत्त्याची वाट धरली. त्याच वर्षांत मुंबईच्या रस्त्यांवर 'गर्द' हे नवे अमली विष आले आणि गिरणगावाच्या बेकार पोरांत पसरले. गुत्ता निदान बसण्याची जागा होता. गर्द ओढणारा भिंतीशी एकटाच पडून राही.

या अंधाराच्या आगेमागेच उपचाराची दोन केंद्रे उभी राहिली. वांद्र्याचे फादर जो परेरा यांनी 1981 साली 'कृपा' संस्था काढली. ते स्वतः मद्याच्या विळख्यातून सुटलेले आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य असल्यामुळे, त्यांनी सभेच्या जोडीला योगासने आणली आणि ताणाने आखडलेले शरीर सैल करणे हा उपचाराचा भाग मानला. पुण्यात डॉ. अनिल अवचट यांनी गर्दविषयी हिंडून लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी त्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी 'मुक्तांगण' सुरू केले. येणाऱ्याला येथे पाच आठवडे ठेवून घेतात: आरंभी शरीराची शुद्धी, मग व्यायाम, योग, समूहात बोलणे, एकट्याशी समुपदेशन, झाडलोट आणि स्वयंपाकात हातभार, आणि घरी गेल्यावर ठरल्या दिवशी पाठपुराव्याच्या सभेला येणे. बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होतात. नव्याने आलेला माणूस थरथरत्या हाताने कप धरतो तेव्हा समोरचा म्हणू शकतो, 'माझाही असाच हालायचा.' आणि व्यसनी माणसाच्या पत्नीला येथे 'सहचरी' या गटात स्वतंत्र जागा मिळाली. वर्षानुवर्षे मार आणि लाज गिळून बसलेली ती स्त्री पहिल्यांदाच आपल्यासारख्या दहाजणींच्या वर्तुळात बसली आणि आपण याला कारण नाही, हे तिला दुसरीच्या तोंडून कळले. अनिताताई 1997 साली गेल्या. त्यांनी मांडलेली बैठक मात्र मोडली नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि मद्याची दुकाने एका रात्रीत बंद झाली. राज्याला नकळत पुन्हा दारूबंदी घडली. ज्यांचे शरीर मद्यावर अवलंबून होते त्यांना झटके येऊ लागले, आणि मेच्या आरंभी दुकाने उघडली तेव्हा लागलेल्या लांबच लांब रांगा साऱ्यांनी पाहिल्या. त्या रांगांना हसणे सोपे होते. त्याच दिवसांत बंद पडले होते ते सभेचे वर्ग. वर्तुळातील खुर्च्या एकमेकींवर रचून भिंतीशी लावून ठेवल्या होत्या. मग सभा दूरध्वनीवर आणि पडद्यावर भरू लागल्या. चौकोनाचौकोनांत बसलेली माणसे आडनाव गाळून नाव सांगू लागली, आणि कोणी तरी आपल्या स्वयंपाकघरातून, घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणे, 'आजचा दिवस गेला.'

हा सारा प्रवास मी दारूबंदीच्या बाजूने वा विरुद्ध निवाडा म्हणून सांगितलेला नाही. गावच्या स्त्रियांनी मतदानाने बाटली आडवी केली की तेथील कित्येक घरांत चूल वेळेवर पेटते, आणि योग्य वेळी दिलेली गोळी जीव वाचवते. पण दुकान बंद झाल्यावर आणि गोळी संपल्यावर संध्याकाळ उरतेच, आणि ती कोठे तरी बसून काढायची असते. माळकऱ्याच्या पंगतीत, देवीच्या मांडवात, चाळीच्या भजनात, शाळेच्या वर्गातील वर्तुळात तिला जागा मिळाली, आणि प्रत्येक ठिकाणी ती जागा देणारा आधीच तेथे येऊन बसलेला होता. एक्रनच्या हॉटेलातील त्या दलालाने फोनवर फोन करून शोधली ती अशीच एक खुर्ची. फरक इतकाच, की तिच्यावर बसायला त्याला स्वतःलाच पहिला दुसरा माणूस शोधून काढावा लागला.